सीट दबली की आधी खालून बघा

पुण्यात रोज चालणाऱ्या सात-आठ वर्षांच्या गाडीचं दार उघडलं, की चालकाच्या सीटची उजवी कड बहुधा दबलेली दिसते. गाडीत बसताना आणि उतरताना अंगाचा सगळा भार क्षणभर त्याच कडेवर येतो आणि पँट तिथेच घासते, त्यामुळे बाकीची गादी धड असताना ही कड आधी जाते. मग लोक नाना पेठेतून जाड कव्हर आणतात, किंवा एखादी उशी टाकून वेळ मारून नेतात. मला हा मार्ग चुकीचा वाटतो. फोमची दुरुस्ती घरी करता येते आणि करावीही, पण जे जिथून गेलं आहे ते तिथेच आणि तेवढंच भरायचं. वरून थर चढवला की खड्डा तसाच राहतो. बसणारा उंच होतो, मांड्यांखालचा आधार सुटतो आणि वाहतुकीत तासभर अडकल्यावर कमरेला जे कळायचं ते कळतंच.

हे पटायला सीटची रचना समजून घ्यावी लागते. जुन्या अँबेसिडर-फियाटच्या काळात सीटमध्ये स्प्रिंगा आणि त्यावर काथ्याचा थर असे. कुशनवाला तो हातानं रचायचा आणि हातानंच दुरुस्त करायचा. आताच्या गाड्यांत पॉलियुरेथेनचा फोम साच्यातच फुगवतात. दोन द्रव रसायनं एकत्र आली की काही मिनिटांत बाहेर येते ती कडा, खोबणी आणि कव्हर ओढून धरणाऱ्या तारा यांसकट तयार गादी. तिच्या खाली नागमोडी स्प्रिंगा किंवा तारांची जाळी, आणि दोहोंच्या मध्ये नमदा किंवा तत्सम जाड कापड. गोम बरेचदा या कापडातच असते. ते फाटलं, की स्प्रिंगची तार प्रत्येक धक्क्याला फोममध्ये घुसून त्याला करवतीसारखी कापत जाते. वरून पाहणाऱ्याला वाटतं फोम म्हातारा झाला. प्रत्यक्षात तो खालून खाल्ला गेलेला असतो. म्हणून नवा फोम आणण्याआधी सीट काढून उलटी करावी. स्प्रिंगचा आकडा निसटला असेल तर तो बसवावा, फाटलेल्या कापडाच्या जागी गोणपाटाचा दुहेरी थर किंवा जाड कॅनव्हास घालावा. काही सीटची तक्रार एवढ्यानंच मिटते. नंतर फोम अंगठ्यानं चोळून पाहावा. नुसता पिवळा पडला असेल तर घाबरायचं कारण नाही, हवा आणि उजेड लागून रंग बदलतोच. बोटांना भुगा किंवा चिकटपणा लागला तर मात्र तो भाग गेला, तिथे ठिगळ धरणार नाही.

खरी फसगत होते ती फोम विकत घेताना. दुकानात ‘डेन्सिटी’ विचारली जाते आणि जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त टणक, असं गिऱ्हाईक धरून चालतं. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे ३२ किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो किती दाबाला किती दबेल, हा टणकपणा वेगळा. त्यामुळे ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. हलका पण टणक फोम दुकानात हाताला भरीव लागतो, लोक खूश होऊन घेतात आणि थोड्याच दिवसांत तो बसतो. माझा सल्ला असा, की डेन्सिटी ४० च्या खाली जाऊ नये आणि टणकपणा सीटच्या धड राहिलेल्या भागाशी, दोन्ही तळहातांनी एकाच वेळी दाबून, जुळवावा. तुकडे चिकटवून बनवलेला रीबाँड फोम कडेच्या आत भरायला चालतो. मांडीखाली तो दगडासारखा लागतो.

यावर कोणी म्हणेल, एवढा बारकावा कशाला, हा फोम आहे, इंजिन नव्हे. पण बसण्याच्या गादीचा पुढचा भाग किंचित वर असतो तो केवळ आरामासाठी नसतो. जोराचा ब्रेक लागला किंवा टक्कर झाली, तर कंबर पट्ट्याखालून पुढे घसरू नये, पट्टा पोटावर न चढता कटीच्या हाडावरच राहावा, यात त्या उंचवट्याचा वाटा असतो. तिथे मऊ फोम भरणं म्हणजे पट्ट्याचं काम अवघड करणं. दुसरी गोष्ट आगीची. साधा फोम झपाट्यानं पेटतो. गाडीच्या आतल्या साहित्यासाठी जळण्याच्या वेगाची मर्यादा मिनिटाला साधारण १०० मिलिमीटर अशी घातलेली आहे, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या संस्थांत अशा चाचण्या होतात. गादीसाठी विकला जाणारा फोम त्या कसोटीतून गेलेला असेलच असं नाही. म्हणून मूळ फोम शक्य तितका राखावा आणि नवा कमीत कमी घालावा. तिसरी गोष्ट एअरबॅगची. बऱ्याच नव्या गाड्यांत ती पाठीच्या बाहेरच्या कडेत दडलेली असते. पाठीवर तसं लेबल असेल तर त्या पाठीला घरी हात लावू नये. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. बसायची गादी काढायची असली, तरी आधी बॅटरीची ऋण तार सोडून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावं, मगच सीटखालचे प्लग काढावेत. ते सुटे असताना किल्ली फिरवू नये, नाहीतर इशाऱ्याचा दिवा लागून राहतो.

काम तसं सोपं आहे. घाई मात्र नडते. खराब भाग धारदार सुरीनं तिरकस कापावा, म्हणजे जोड अंगाला लागत नाही. कागदावर खड्ड्याचा नमुना काढून तुकडा किंचित मोठा कापावा. फोम-रेक्झिनचं रबरी चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना पातळ लावावं आणि ओलेपणा जाऊन बोटाला चिकट लागेपर्यंत थांबूनच जोडावं. बसण्याच्या पृष्ठभागावर त्याचा थर येऊ देऊ नये. तो वाळून कडक होतो आणि टोचतो. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम मुळीच करू नये. या चिकटद्रव्यांतली वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीनं पेट घेते. उघड्यावर करावं. वाफ देऊन फोम फुगवायचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो फुगतोही, पण पेशींच्या मोडलेल्या भिंती त्यानं जुळत नाहीत, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. महिनाभरात गाडीत कुबट वास भरतो.

कारागीर असताना हे घरी का करायचं, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. शिवण उसवली असेल, कव्हर चामड्याचं असेल किंवा सगळी गादीच भुगा झाली असेल, तर चांगल्या कुशनवाल्याचा हात हवाच. पण खालचं कापड पाहा, अमुक टणकपणाचा फोम घाला, जुना आकार राखा, हे त्याला सांगता यावं यासाठीही एकदा सीट उलटी करून बघावी लागते. जुन्या बाजारातून किंवा भंगारातून अख्खी सीट आणणं हा स्वस्त मार्ग वाटतो, पण तिचा फोम आपल्या फोमइतकाच जुना असतो आणि ती अपघातातल्या गाडीची नाही हे कळायला मार्ग नसतो. तिचा सांगाडा वाकलेला असेल, रुळावर ती अडखळत सरकत असेल, तर फुकट मिळाली तरी बसवू नये. आपलीच सीट परत बसवताना तिचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताणाला टॉर्क पान्यानं आवळून घ्यावेत, आणि थोडे दिवस गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.