क्लॅरेंडनचा ‘एन’ हाताने काढा

लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी 1845 मध्ये क्लॅरेंडन हा टाइप आणला. पंच कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. त्याआधीच्या स्लॅब सेरिफ अक्षरांत पायाची जाड पट्टी दांड्याला काटकोनात भिडायची. क्लॅरेंडनमध्ये दांडा बाक घेत पट्टीवर उतरतो. या बाकामुळे ठसठशीत अक्षरही मवाळ वाटतं. तो नीट कळायचा तर एकदा हाताने काढायलाच हवा.

साहित्य: आलेख कागद, एचबी पेन्सिल, फूटपट्टी, फ्रेंच कर्व्ह, ट्रेसिंग पेपर, काळा पोस्टर कलर, बारीक ब्रश. पुढची मापं सरावापुरती आहेत.

कृती

1. पायरेघ आखा. तिच्यावर 7 सेंमीवर लहान अक्षराची रेघ आणि 10 सेंमीवर कॅपिटलची रेघ मारा. लहान अक्षरांची ही भरपूर उंची क्लॅरेंडनचा मोठा गुण आहे.

2. 1.8 सेंमी रुंदीचे दोन उभे दांडे काढा. मधे 3.2 सेंमी जागा सोडा.

3. दोन्ही दांड्यांच्या पायाशी 8 मिमी जाडीची पट्टी काढा, दोन्हीकडे 1.1 सेंमी बाहेर आलेली. आतल्या टोकांमध्ये 1 सेंमीची फट उरेल. डाव्या दांड्याच्या माथ्यावर पट्टी फक्त डावीकडे द्या.

4. आता बाक. प्रत्येक कोपऱ्यापासून दांड्यावर 7 मिमी आणि पट्टीवर 7 मिमी अशा खुणा करा आणि फ्रेंच कर्व्हने जोडा. पट्टीचे शेवटचे 4 मिमी सरळ आणि टोक चौकोनीच ठेवा. बाक टोकापर्यंत नेलात तर पट्टी निमुळती होईल आणि स्लॅबचा ठामपणा जाईल.

5. कमान डाव्या दांड्यातून 6 मिमी जाडीने काढा आणि उजव्या दांड्यात पूर्ण जाडीने मिसळा. माथा रेघेच्या 1 मिमी वर न्या. गोल आकार नेमका रेघेवर थांबवला तर बुटका दिसतो.

6. आधी कडा रंगवा, मग आतला भाग भरा. वाळल्यावर कागद उलटा धरा. वाचायची सवय बाजूला राहते आणि पांढऱ्या जागेतला असमतोल लगेच दिसतो.

7. ट्रेसिंग पेपरवर याच ‘एन’चा ‘आर’ करा: उजवा दांडा सोडा, कमान मधेच थांबवा आणि टोकाला दांड्याएवढ्या जाडीचा गोळा द्या. हा गोळा क्लॅरेंडनची दुसरी खूण.

पारख: ‘एन’ची झेरॉक्स 25 टक्क्यांवर दोनदा लहान करा. अक्षर 4.4 मिमी उरेल. पायातली फट बुजली असेल तर दांडे थोडे दूर घ्या.

वापर: शब्दकोशात साध्या मजकुराच्या शेजारी मुख्य शब्द उठून दिसावा, हे क्लॅरेंडनचं मूळ काम. पुढे तो भित्तिपत्रकांवर आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरही गेला. तुम्हीही तो शीर्षकाला, पाटीला, एखाद्या ठळक शब्दाला वापरा. पानभर मजकूर मात्र साध्या टाइपात ठेवा. शेजारी शांत अक्षरं असली की याचा जोर दिसतो.