जीर्ण यकृतशोथातील यकृतार्बुद : रक्तपरीक्षणांचा अन्वयार्थ

जीर्ण यकृतशोथाचे रुग्ण वर्षानुवर्षे वैद्याकडे येत राहतात. कामला ओसरते, अग्नी सुधारतो, एस.जी.पी.टी.चे प्रमाण प्राकृत मर्यादेत येते आणि रुग्ण व वैद्य दोघेही निश्चिंत होतात. यकृतातील अर्बुद याच काळात निःशब्दपणे वाढू शकते. दोन सेंटिमीटरच्या अर्बुदात बहुधा शूल नसतो, कामला नसते, अरुचीही नसते. पूर्वरूपांवरून व्याधी ओळखण्याचे आपले शिक्षण येथे अपुरे पडते व परीक्षणांचा आधार घ्यावाच लागतो.

यांत सर्वांत जुने परीक्षण अल्फा-फीटोप्रोटीनचे, संक्षेपाने ए.एफ.पी.चे. गर्भाचे यकृत हे प्रथिन निर्माण करते. जन्मानंतर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. १९६३ साली अबेलेव यांनी यकृतार्बुदयुक्त मूषकांत आणि १९६४ साली तातारिनोव यांनी मानवी रुग्णात ते पुन्हा प्रकट झाल्याचे दाखविले. निरोगी प्रौढात ते सामान्यतः मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते. (काही प्रयोगशाळा आय.यू. हे एकक वापरतात, १ आय.यू. म्हणजे सुमारे १.२ नॅनोग्रॅम. दोन अहवालांची तुलना करताना हे हमखास नजरेतून सुटते.)

२० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरली तर १०० यकृतार्बुदांपैकी सुमारे ६० सापडतात. मर्यादा २०० केली तर जेमतेम २२. म्हणजे प्राकृत ए.एफ.पी. हा अर्बुद नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. उलटपक्षी, यकृतशोथाचा वेग वाढला की पेशींच्या पुनर्निर्मितीबरोबर ए.एफ.पी.ही वाढते. गर्भिणीत, तसेच वृषण व बीजकोशाच्या काही अर्बुदांतही ती वाढलेली आढळते. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याची गती पाहावी आणि शेजारी एस.जी.पी.टी. ठेवावी. दोन्ही एकत्र वाढून एकत्र उतरली तर शोथाचा वेग अधिक संभवतो, एस.जी.पी.टी. स्थिर असताना ए.एफ.पी. १२, १९, ३४ अशी चढत गेली तर विलंब करू नये. विषाणुरोधक औषधे चालू असलेल्या रुग्णात शोथ शमलेला असल्याने लहानशी वाढही अर्थपूर्ण ठरते.

ए.एफ.पी.चा एक अंश मसुराच्या दाण्यातील लेक्टिन या प्रथिनाला चिकटतो. त्यास एल-३ अंश म्हणतात. एकूण ए.एफ.पी.त तो १० टक्के वा अधिक असेल तर अर्बुदाची शंका बळावते. ए.एफ.पी. किंचित वाढलेली असून निर्णय होत नसताना याचा विशेष उपयोग होतो.

तिसरे परीक्षण पिव्हका-२ हे होय. रक्तस्कंदनास आवश्यक असे प्रोथ्रॉम्बिन पूर्ण होण्यास जीवनसत्त्व ‘के’ लागते. अर्बुदाच्या पेशी ते अर्धवट स्थितीतच रक्तात सोडतात. येथे वैद्याने एक भेद ध्यानी ठेवावा. शाखाश्रित कामलेत, जेव्हा पित्तमार्ग रुद्ध होऊन पुरीष तिळाच्या कल्कासारखे होते, तेव्हा ‘के’ जीवनसत्त्वाचे शोषणच होत नाही आणि अर्बुद नसतानाही पिव्हका-२ वाढते. वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णातही असेच घडते. लिंग, वय व ही तिन्ही परीक्षणे यांचे एकत्र गणित मांडणारी ‘गॅलॅड’ पद्धती २०१४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. लहान गावांतून मात्र आजही ए.एफ.पी.च सहज उपलब्ध असते.

रक्तपरीक्षणाने सोनोग्राफीची जागा घेता येत नाही. सिरोसिसच्या रुग्णांवरील अभ्यासांच्या २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात केवळ सोनोग्राफीने आरंभिक अवस्थेतील ४५ टक्के अर्बुदे सापडली, ए.एफ.पी.ची जोड दिल्यावर ६३ टक्के. शांघायमध्ये सुमारे १९,००० व्यक्तींवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी ही दोन्ही परीक्षणे योजलेल्या गटात यकृतार्बुदाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. आणि हे, ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केही पार पडल्या नसताना.

सहामाही तपासणी कोणाची करावी? सिरोसिस झालेल्या प्रत्येकाची, मग कारण ‘बी’ विषाणू असो, ‘सी’ असो वा मद्य. ‘सी’ विषाणू औषधांनी नष्ट झाला तरी सिरोसिस असल्यास धोका संपत नाही. ‘बी’ विषाणू तर सिरोसिसशिवायही अर्बुद निर्माण करतो. म्हणून चाळिशीपुढील पुरुष, पन्नाशीपुढील स्त्रिया आणि कुटुंबात यकृतार्बुदाचा इतिहास असणारे यांना वगळू नये.

भूम्यामलकीविषयी येथे थोडे लिहिणे आवश्यक वाटते. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘बी’ विषाणुवाहकांत तिचे आशादायक परिणाम नोंदविले, तेव्हा आपल्या क्षेत्रात साहजिकच उत्साह पसरला. पुढील अभ्यासांत तसा परिणाम दिसला नाही. ती द्यावी की न द्यावी हा स्वतंत्र विषय आहे. परंतु ती, कुटकी वा आरोग्यवर्धिनी चालू आहे म्हणून सोनोग्राफी पुढे ढकलणे कोणत्याही प्रकारे समर्थनीय नाही.

ए.एफ.पी. २० च्या वर गेली किंवा सोनोग्राफीत एक सेंटिमीटर वा मोठी गाठ दिसली, तर तीन टप्प्यांचा सी.टी. स्कॅन वा एम.आर.आय. करण्यासाठी रुग्णास यकृततज्ज्ञाकडे पाठवावे. सोबतच्या पत्रात मागील सर्व आकडे तारखांसह लिहावेत आणि आपण देत असलेली औषधे, रसकल्पांसह, स्पष्ट नमूद करावीत.