मस्तकशूळ : एक की अनेक?

'डोके दुखते' हे दोन शब्द शाळेत रोज कानी पडतात. (आमच्या कोकणीत डोक्यास 'तकली' म्हणतात; येथील हिंदीच्या सवयीच्या मुलांना त्यावरून सूतकताईचे साधन आठवते व ती हसतात!) परंतु हे दुखणे एक नव्हे. सुश्रुतसंहितेत शिरोरोगाचे ११ प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील 'अर्धावभेदक' म्हणजे बहुधा आपली अर्धशिशीच होय.

अर्धशिशीत बहुधा एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही. कित्येकांना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा दिसतात. रोगी अंधाऱ्या खोलीत निश्चल पडून राहतो, तो ४ ते ७२ तास. लहान मुलांत मात्र पुष्कळदा दोन्ही बाजू दुखतात आणि दोनचार तासांत मूल खेळूही लागते. म्हणून वडीलधारी त्यास ढोंगी ठरवितात. हा अन्याय आम्ही अनेकदा पाहिला आहे.

परीक्षेच्या दिवसांतील ताणाचे दुखणे निराळे. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पण उलटी होत नाही व काम रेटता येते. क्वचित एकाच डोळ्याभोवती भयंकर कळ उठून त्यातून पाणी वाहते. तेव्हा रोगी पडून न राहता येरझारा घालतो.

आपल्या बालाघाट जिल्ह्यात आणखी एक विचार अवश्य करावा लागतो. बैहरकडील रानांतला हिवताप पुष्कळ कमी झाला असला, तरी संपलेला नाही. थंडी वाजून ताप आला आणि डोके फुटू लागले, तर बाम चोळीत बसू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडे रक्त तपासून घ्यावे. हिवतापाचा एक प्रकार मेंदूवर जातो. मग गुंगी, बरळणे, झटके सुरू होतात आणि वेळ हातची निघून जाते.

तापाबरोबर मान ताठरणे, क्षणात पराकोटीची कळ येणे, डोक्यास मार लागल्यावर उलट्या होणे, पहाटे दुखण्याने जाग येऊन वांती होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

एरवी दुखण्याची बाजू, वेळ, उलटी व घेतलेली गोळी वहीत टिपून ठेवावी. महिन्यातून दहा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्यास त्यांनीच डोके दुखू लागते, आणि ही गोष्ट डॉक्टरांना त्या वहीवरूनच प्रथम कळते.