नागद्वारला निघालीस? आधी गाठ मारायला शीक

ये, बस इथे. तुझी ती खरेदीची यादी मी वाचली बरं का. घडीची कुऱ्हाड, ठिणगी पाडायची कांडी, करवतीसारखे दात असलेला चाकू, स्टीलचा मग. बेरीज बघून आईला घेरी यायची. मला एवढंच सांग, जायचं कुठे? नागद्वारला. कधी? नागपंचमीच्या यात्रेत. म्हणजे भर पावसात.

तू बघतेस त्या व्हिडिओतला दाढीवाला माणूस कोरड्या थंडीत लाकडं फोडतो, शेकोटी पेटवतो. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. आपली वाट सातपुड्यातली. सौसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत पचमढी गाठायची आणि तिथून डोंगर चढत-उतरत चालायचं. पचमढीला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नागपूरच्या जवळपास दुप्पट. आणि हे रान सातपुडा व्याघ्र प्रकल्पातलं. नागद्वारची वाट एरवी बंद असते, यात्रेपुरतीच उघडते. 1972च्या वन्यजीव कायद्यानं अशा रानात परवानगीवाचून हत्यार न्यायला मनाई आहे, आग लावायलाही मनाई आहे. मग ती कुऱ्हाड कुणाला दाखवायला न्यायची? पोटाची काळजी करू नकोस, मंडळांचे भंडारे असतात. आपल्याबरोबर गूळ-फुटाणे आणि तिखट पुऱ्या असल्या की झालं.

तुला खऱ्या लागतात तीन वस्तू: काठी, दोरी आणि पन्नी. तिन्ही घरात आहेत. फक्त त्या वापरायला यायला हव्यात, आणि ते पैशानं मिळत नाही.

काठी म्हणजे आपल्या वावराच्या धुऱ्यावरचा भरीव वेळू. छातीइतका उंच घे, कारण उतारावर काठी खाली टेकायची असते, आखूड पडली तर कंबर वाकते. खालचं टोक पेराच्या गाठीला लागून काप, दोन गाठींच्या मधे कापलंस तर दगडावर आपटून आपटून चिरतं. ओल्या खडकावर आधी काठी टेकव, ती घसरत नाही हे बघ, मगच पाय उचल. पाण्याचा ओढा आडवा आला तर काठीनं खोली बघ. पाणी गुडघ्याला लागत असेल आणि ओढ असेल, तर थांबायचं. मागचे कितीही घाई करोत.

पन्नी म्हणजे आपण सोयाबीन झाकायला आणतो तीच जाड ताडपत्री. कोपऱ्याला भोक पाडू नकोस, वाऱ्यानं तिथूनच फाटते. पेरूएवढा गोल खडा घे, पन्नीच्या कोपऱ्यात आतून धर, वरून पन्नी गोळा कर आणि खड्याच्या मानेला दोरी आवळ. कितीही ओढ, सुटत नाही. वाऱ्याकडची बाजू खाली बांध, दुसरी उंच. मधे पाणी साचून पोट सुटलं की समज, ताण कमी पडला. आणखी एक. पाऊस दोरीवरून ओघळत ओघळत थेट तुझ्या अंथरुणापर्यंत येतो. पन्नीच्या जरा अलीकडे दोरीला एक चिंधी बांध, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

आता दोरी. सुती दोरी आणि सुतळी भिजली की फुगते, गाठ दातांनीही सुटत नाही. म्हणून नायलॉनची घे, पण ती गुळगुळीत, तिला एक वेढा जास्त द्यायचा. जिथं कायमचं बांधायचं तिथं निरगाठ. जिथं पहाटे अंधारात, गारठलेल्या बोटांनी सोडायचं तिथं सुरगाठ, एका ओढीत मोकळी. बाबा बैल बांधतात ती बघितलीस ना रोज? मग आज स्वतः मारून बघ. डोळे मिटून मारता आली की आली म्हणायचं.

आता जरा जवळ सरक, हे आई सांगणार नाही. पाळीची तारीख जवळ असो नसो, पॅड बरोबर ठेव, दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळून. वापरलेलं पॅड रानात फेकायचं नाही, वेगळ्या पिशवीत परत आणायचं. एक गडद रंगाचा मोठा दुपट्टा घे. आडोसा धरायला, डोकं पुसायला, हात मुरगळला तर गळ्यात अडकवायला. आडोशाला एकटी जाऊ नकोस, एकीला हाक मार. पाणी लागेल म्हणून गडवा लागतोच. गळ्यात शिटी ठेव. हरवलीस किंवा कुणी त्रास दिला, तर तीनदा फुंक, थांब, परत तीनदा. लाजायचं नाही. आणि नवे बूट घालून निघायचं नाही. आतापासून रोज वावरात जाता-येता तेच घाल, टाचेला फोड यायचे ते इथेच येऊन जाऊ देत.

प्यायचं पाणी ओढ्याचं नको. ते दिसायला काचेसारखं असलं तरी वरच्या अंगाला हजारो माणसं असतात. दवाखान्यातून क्लोरीनच्या गोळ्या आण, पाकिटावर लिहिलंय तितका वेळ थांब, मगच पी.

कापायची आणि जाळ पेटवायची तुझी हौस मी मोडत नाही गं. त्यासाठी आपलं वावर आहे. संत्र्याच्या बगीच्यात, डुकरं हाकलायला काका जागलीला जातात, तेव्हा एक रात्र आपण दोघी जाऊ. आधी विळा पाजवून घे, बोथट विळाच सटकतो आणि हात कापतो. पातं नेहमी अंगापासून दूर चाललं पाहिजे. पावसात भिजलेली पऱ्हाटी बाहेरून ओली असते, आतून नाही. जाड काडी उभी चिर, आतल्या कोरड्या काड्या बारीक कर, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चार बोटं पट्टी ठेव. ओल्यातही धरते, वास मात्र घाण येतो. काडेपेटी औषधाच्या झाकणाच्या डबीत ठेव. भांड्याच्या बुडाला राख-मातीचा लेप दे, नाहीतर घासताना आई आपल्या दोघींना घासेल. आणि निघताना जाळावर पाणी ओत, राख हातानं चाचप, गरम लागली तर परत ओत.

आईला नागद्वारसाठी मी मनवते, ते माझ्याकडे लागलं. पण आधी अंगणात ती पन्नी बांध. जोराचा पाऊस येऊ दे, तिच्याखाली एक पोतं अंथरून ठेव. सकाळी पोतं कोरडं निघालं, तर मी आईशी बोलते. ओलं निघालं, तर परत बांध.