फाइल आणि वेबसाइट बघायचा फुकट व्ह्यूअर: आधी आपल्याच फाइलवर तपासा



नवा धंदा सुरू करताना कॉम्प्युटर घेतला, की पहिला प्रश्न येतो: "सर, पीडीएफ उघडायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" माझं उत्तर: आधी काहीच टाकू नका. विंडोज १० किंवा ११ असेल तर एज ब्राउझर आत आलेलाच असतो. क्रोम किंवा फायरफॉक्स असेल तर तेही चालेल. ब्राउझर उघडा, कंट्रोल+ओ दाबा, फाइल निवडा. झालं! फाइल आणि वेबसाइट, दोन्ही बघायचा फुकट व्ह्यूअर तुमच्याकडे आहेच.

पण फुकट मिळालं म्हणून लगेच भरवसा ठेवायचा नाही. तीन चाचण्या घ्या.

चाचणी १: रोजच्या फाइली

समजा, बिद्रीत कारखान्याच्या रस्त्याला तुमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. जीएसटीचं बिल, उद्यम प्रमाणपत्र, कंपनीचा कॅटलॉग, हे सगळं ब्राउझरमध्ये उघडून बघा. मराठी अक्षरं नीट दिसतात का? प्रिंटमध्ये कडा कापल्या जातात का? वर्ड-एक्सेलच्या फाइलींसाठी लिब्रेऑफिस घ्या, तेही मोफत आहे. आणि कोटेशन पाठवताना वर्ड नको, पीडीएफच पाठवा. जुन्या फाँटमधलं मराठी समोरच्याच्या कॉम्प्युटरवर गिचमिड दिसतं; पीडीएफमध्ये फाँट फाइलसोबत जातो.

चाचणी २: डिजिटल सही

इथे नीट लक्ष द्या, कारण इथे पैसा अडकतो. जागा भाड्याने घेताना किंवा कर्जासाठी डिजिटल सहीचा सातबारा लागतो. महाभूमीच्या सरकारी पोर्टलवर तो १५ रुपयांत मिळतो. क्रोमसारखा ब्राउझर ती फाइल दाखवतो, पण सही खरी आहे का ते तपासत नाही. दिसणं वेगळं, पटणं वेगळं! त्यासाठी ॲडोबीचा मोफत रीडर लागतो. त्यात सहीवर प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. तुमच्या कॉम्प्युटरला त्या प्रमाणपत्राची ओळख नसते, एवढंच बहुतेक वेळा कारण असतं. पण "विश्वास ठेवा" हे बटण कधी दाबायचं? फाइल तुम्ही स्वतः सरकारी पोर्टलवरून उतरवली असेल तेव्हाच. कुणी व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा, मगच ॲडव्हान्स द्या.

चाचणी ३: तुमची वेबसाइट

तुम्ही वेबसाइट मोठ्या स्क्रीनवर बघता, गिऱ्हाईक मोबाइलवर बघतं. क्रोममध्ये साइट उघडा, एफ१२ दाबा, मग कंट्रोल+शिफ्ट+एम. साइट मोबाइलच्या आकारात दिसेल. फोन नंबर वर दिसतोय का? दर वाचता येतात का? बटण बोटाने दाबण्याएवढं मोठं आहे का?

दोन पथ्यं

एक: "फ्री व्ह्यूअर" असं शोधून वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या.

दोन: आधार, पॅन, बँक स्टेटमेंट कुठल्याही ऑनलाइन "फाइल उघडून देतो" साइटवर चढवू नका. तुमची फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. फुकटाचा सौदा महागात पडतो.

आजचा गृहपाठ: धंद्याच्या पाच फाइली घ्या. प्रत्येक फाइल उघडा, वाचा, प्रिंट काढून बघा. जिथे अडेल तेवढ्यासाठीच नवं सॉफ्टवेअर घ्या. कुठली फाइल अडली ते कमेंटमध्ये लिहा, पण फाइल मात्र तिथे टाकू नका!

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, डोळे उघडे ठेवा!