राईचे दप्तर : देवराईचा भूतकाळ कसा वाचावा



श्रींचे दर्शन आटोपून देणगीची पावती घेण्यासाठी कार्यालयात येणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : "मंदिराभोवतीची ही राई किती जुनी आहे?" पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे, "अनादि काळापासूनची." विचारणाऱ्याचे समाधान होई आणि माझेही काम सुटे. परंतु गेली काही वर्षे हे उत्तर देताना जीभ अडखळते. देवस्थानाची जी कागदपत्रे कार्यालयाच्या कपाटात आहेत, त्यांहून जुने दप्तर बाहेर राईतच उघडे पडलेले आहे, हे मला उशिरा उमगले. ते वाचण्यास संस्कृत यावे लागत नाही की मोडीही यावी लागत नाही. सावकाश चालण्याची तयारी आणि दिसेल त्याविषयी "हे असे का?" असे विचारण्याची सवय एवढेच पुरे. आपल्या परिक्रमेच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून त्यातील काही पाने येथे उलगडून दाखवीत आहे.

देवराई म्हणजे काय?

गावाने देवाच्या नावे राखलेले रान म्हणजे देवराई. कोठे तिला नुसते राई म्हणतात, कोठे बन, तर रत्नागिरीकडे देवरहाटी. राईतील झाड तोडू नये, वाळलेली काटकीसुद्धा घरी नेऊ नये, असा दंडक बहुतेक गावी आढळतो. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवराया पायी हिंडून त्यांचा अभ्यास केला आणि भोवतालच्या डोंगरांवरून नाहीशी झालेली वनसंपदा या राखलेल्या तुकड्यांत टिकून असल्याचे दाखवून दिले.

याची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. मावळातील आजिवली येथील वाघजाईची राई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील झाडांची दलदल देवाच्या नावे राखली गेली. तेथील झाडे चिखलात श्वास घेण्यासाठी गुडघ्यासारखी वाकडी मुळे वर काढतात. ती जागा आता शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यातील 'निरंकाराची राई' हीदेखील अशाच दलदलीसाठी ओळखली जाते.

पहिले पान : बुंधा

राईत शिरताच प्रथम झाडांच्या बुडाकडे पाहावे. बीजापासून वाढलेले आणि कधी न तोडलेले झाड बहुधा एकाच सरळ खोडाने वर जाते. ज्याच्या एकाच बुडख्यातून चार-पाच खोडे फुटलेली दिसतात, ते झाड एकदा तरी तोडले गेले असण्याची शक्यता फार. जांभूळ, अंजनी यांसारखी झाडे तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटवे धरतात. आपण पायऱ्या चढून येताना वाटेच्या खालच्या अंगाला अशी बहुखोडी झाडे पुष्कळ आहेत, आणि मंदिरामागे वरच्या अंगाला जवळजवळ नाहीत. हा फरक नीट लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

राईबाहेरच्या डोंगरावर ऐनाची काही झाडे खांबासारखी उभी दिसतात. बुंधा जाड, पण आडव्या फांद्या नाहीत, ठिकठिकाणी गाठी मात्र आहेत. ही राबाची खूण होय. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून भाजण्याची रीत मावळात आणि कोकणात पूर्वापार आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे फांद्या छाटलेले झाड असे दिसते. उघड्या माळावर एकटाच उभा राहिलेला जुना हिरडाही काही सांगतो. आसपासचे सर्व तुटले तरी त्याच्या फळाला बाजार असल्यामुळे लोकांनी त्याला राखले.

येथे एक सावधगिरी बाळगावी. जाड बुंधा दिसला की "पाचशे वर्षांचे झाड" असे म्हणण्याचा मोह होतो. सागाच्या खोडात वर्षाची वलये स्पष्ट उमटतात, म्हणून त्याचे वय मोजता येते. आपल्याकडील बहुतेक सदाहरित झाडांत ती तशी स्पष्ट नसतात. शिवाय ओलाव्याच्या जागी झाड लवकर भरते आणि खडकावर खुरटते. तेव्हा जाडीवरून वय सांगू नये. त्याऐवजी सोबतीला कोण आहे ते पाहावे. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली असेल, धनेशाला घरटे करता येईल अशा ढोलीची जुनी झाडे असतील, जमिनीवर न उतरता शेकरूला एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाता येत असेल आणि पायाखाली पानांच्या कुजीचा मऊ थर असेल, तर त्या जागी कुऱ्हाड फार काळ फिरली नाही असे समजावे.

दुसरे पान : पाहुणी झाडे

काही झाडे आपल्या रानात आपोआप उगवलेली नाहीत, ती माणसाने आणली आहेत. देवचाफा मूळचा अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचा. आज तो देवळांच्या आणि समाध्यांच्या जवळ इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. म्हणूनच दाट रानात एकटाच जुना चाफा दिसला की आसपास पडके देऊळ, समाधी किंवा पार आहे का, ते शोधावे. चिंच मूळची आफ्रिकेतील असली तरी आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहे. मोठी चिंच हे बहुधा वस्तीचे झाड. सीताफळही अमेरिकेतून आलेले आणि आता आपल्या किल्ल्यांवर व पडक्या वाड्यांत रानोमाळ पसरलेले.

घाणेरीची कथा निराळी आहे. इंग्रजी अमदानीत बागेतील शोभेचे झुडूप म्हणून ती या देशात आली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पसरत गेली. दाट सावलीत ती फारशी टिकत नाही. राईच्या कडेने घाणेरी दिसू लागली की तेथे छत्र विरळ झाले आहे, असे निश्चित समजावे. सरळ रांगेत, समान अंतरावर उभे असलेले साग किंवा निलगिरी हे लागवडीचे रान होय, हे तर लहान मुलालाही सांगता येते.

तिसरे पान : जमीन

झाडे मरतात, परंतु जमीन सहसा विसरत नाही. जुनी माणसे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. रानात राखाडी, भुसभुशीत माती, तीत खापरांचे तुकडे, फुटके जाते, उखळ किंवा घराचे जोते सापडले तर तेथे एके काळी चुली पेटत होत्या. कोठे उतारावर गोल सपाट जागा आणि तेथेच मातीत कोळशाचा काळा थर दिसतो. ती कोळशाच्या भट्टीची जागा असू शकते. मुंबई-पुण्याच्या शेगड्यांसाठी सह्याद्रीतील पुष्कळ रान या भट्ट्यांत गेले, आणि ते कष्टाचे काम करणाऱ्यांत कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. उतारावर एकाखाली एक दगडी बांध दिसले तर ते शेत होते. रान स्वतःहून दगड रचीत नाही.

चौथे पान : नावे आणि दैवते

आज ज्या डोंगरात वाघ दिसत नाही, त्या डोंगरात वाघजाईचे ठाणे आहे. हे ठाणे म्हणजे तेथे एके काळी वाघाचे भय होते याची लोकांनी ठेवलेली नोंदच होय. उघड्या माळावरच्या वस्तीला जांभूळवाडी म्हणत असतील तर ती जांभळे कोठे गेली, असे विचारावे. राईत मांडलेले वीरगळ, झिजलेल्या मूर्ती आणि नुसते शेंदूर लावलेले तांदळे हेही साक्षीदारच. मात्र एका साक्षीवर निकाल देऊ नये. झाड, जमीन आणि नाव या तिघांचे म्हणणे जुळले तरच ते ग्राह्य धरावे.

आमच्या हातून झालेली चूक

आता जे लिहीत आहे ते लिहिणे सोपे नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका उदार देणगीदारांच्या इच्छेनुसार पायऱ्यांपासून कुंडापर्यंतच्या वाटेवर फरसबंदी करण्याचे ठरले. हेतू चांगला होता. पावसाळ्यात वृद्ध मंडळी त्या वाटेवर घसरत. दगड बाहेरून आणण्याचा खर्च वाचावा म्हणून राईच्या खालच्या अंगाला "पडलेले" दगड वापरावेत, असा ठराव झाला. ठरावाचे टिपण माझ्याच हातचे आहे. चार दिवसांत दगड उचलले गेले. पाचव्या दिवशी आमचे वयोवृद्ध गुरव कार्यालयाच्या दारात आले. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "भाऊसाहेब, ते दगड पडलेले नव्हते, रचलेले होते."

मी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिले. उतारावर बांधाच्या तीन ओळी होत्या. त्यांपैकी दोन फरसबंदीत गेल्या होत्या. तिसरी वाचली, कारण तिच्यावर एक मोठे जांभूळ उभे आहे आणि त्याच्या मुळांनी दगड असे कवळले आहेत की मजुरांना ते निघेनात. ती ओळ आजही पाहता येते. झाड बांधावर बसले आहे, म्हणजे बांध आधीचा आणि झाड नंतरचे, एवढे कोणालाही कळेल. त्याच्या आसपासची झाडे बहुखोडी आहेत. शेजारी एक जुनी चिंच आहे. गुरवांच्या घराण्यात त्या तुकड्याला आजही "देवाचे शेत" म्हणतात आणि ते कोणा पूर्वजाने देवाला सोडले, अशी आठवण सांगतात. झाड, जमीन आणि नाव, तिन्ही साक्षी जुळल्या.

ते शेत किती मोठे होते, त्याला पाणी कोठून येत असे, खाचरे भाताची होती की वरकस नाचणीची, हे त्या दोन ओळींवरून एखाद्या जाणत्या अभ्यासकाला सांगता आले असते. आता ते कोणालाही सांगता येणार नाही. कागद जळाला तर त्याची नक्कल कोठेतरी सापडते. या दप्तराची नक्कल नसते. आज आपण ज्या फरशीवरून कुंडाकडे जाता ती तीच. तिच्यावरून चालताना मला आजही संकोच वाटतो.

मग राई किती जुनी?

त्या दिवसापासून माझे उत्तर बदलले. मंदिरामागची वरची राई फार जुनी आहे. तेथे बांध नाहीत, बुडखे नाहीत आणि गारंबी आहे. खालची राई मात्र एके काळी राई नव्हतीच. तेथे नांगर फिरला, पीक उभे राहिले, नंतर माणसाने हात काढून घेतला आणि वरच्या राईतील बी पक्ष्यांनी व वाऱ्याने खाली उतरवले.

हे सांगितले की काही भाविकांचा हिरमोड होतो. मला मात्र यात मोठा दिलासा वाटतो. राई केवळ पूर्वजांकडून मिळते असे नाही, ती नव्याने उभीही राहू शकते. शेजारी जुने रान शिल्लक असावे आणि माणसाने कुऱ्हाड, गुरे व वणवा यांपासून जागा राखावी, एवढ्यावर खालचा उतार रान झाला. आपल्या कुंडाच्या पलीकडचा उघडा उतारही तसाच राखावा, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला असून त्याचेही टिपण मी लिहिले आहे. तेथे सध्या खुरटी झुडपेच दिसतात. "ही जागा ओसाड का ठेवली?" असे कृपया विचारू नये. ती ओसाड नाही.

भाविकांस व देणगीदारांस विनंती

राईतून चालताना आखलेली वाट सोडू नये. दगड, खापर, मूर्ती, बी वा फूल उचलू नये. जुनी वस्तू आढळल्यास ती जागेवरच राहू द्यावी आणि कार्यालयात कळवावे. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी साक्ष नाहीशी होते. पडलेले झाड कुजत असेल तर ती अस्वच्छता समजू नये. त्यातूनच पुढची माती होते. झुडपे काढून राई "स्वच्छ" करण्यासाठी, तिच्यात शोभेची झाडे लावण्यासाठी किंवा सभामंडप उभारण्यासाठी देणगी देण्याची इच्छा अनेक जण मोठ्या प्रेमाने बोलून दाखवतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की अन्नछत्र, धर्मशाळा आणि पाणपोई यांसाठी आपले साहाय्य सदैव शिरोधार्य आहे. राईसाठी द्यायचे असेल तर वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढणे आणि राखणदाराचे वेतन यांसाठी द्यावे. एरवी तिला हात न लावणे हेच तिच्यासाठी दान आहे.

परत जाताना आपल्या गावच्या राईकडे, माळाकडे, पडक्या पाराकडेही एकदा याच दृष्टीने पाहावे. तेथेही एखादा बांध झाडाच्या मुळांत अडकून वाचला असेल. तो कोणी उचलण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसाला विचारून घ्यावे. आम्ही विचारले नाही, म्हणून हे लिहिण्याची वेळ आली.

॥ शुभं भवतु ॥

— सचिव, देवस्थान कार्यालय