‘अस्त्र’ : विलंबाचा जमाखर्च

सरकारी प्रकल्पाला उशीर झाल्याची बातमी वाचली, की आपण ‘वरातीमागून घोडे’ असे म्हणून मोकळे होतो. उशीर का झाला आणि त्याची किंमत कोणत्या खात्यावर पडली, हे सहसा कोणी पाहत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेव्हा वर्गात शिकलेल्या हिशेबाच्याच आधारे ‘अस्त्र’ या भारतीय क्षेपणास्त्राची हकीकत येथे मांडतो.

‘अस्त्र’ हे विमानातून शत्रूच्या विमानावर सोडायचे, नजरेच्या टप्प्यापलीकडे मारा करणारे क्षेपणास्त्र आहे. त्याचे वजन सुमारे १५४ किलो, व्यास अवघा १७८ मिलिमीटर, म्हणजे सात इंच. सुटल्यावर ते प्रथम स्वतःच्या दिशादर्शक यंत्रणेच्या आधारे धावते. लक्ष्याची बदललेली जागा विमान त्याला वाटेत रेडिओसंदेशाने कळवीत राहते. अखेरच्या टप्प्यात त्याच्या नाकातले छोटे रडार चालू होते आणि पुढचा पाठलाग ते स्वतः करते. या रडारालाच लक्ष्यशोधक म्हणतात.

आता कालक्रम पाहू. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या या प्रकल्पाला २००४ मध्ये ९५५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. सुखोई विमानातून पहिले ‘अस्त्र’ सुटले ते मे २०१४ मध्ये, आपल्या शेजारच्या गोव्याच्या समुद्रावर. विकासाच्या अखेरच्या चाचण्या सप्टेंबर २०१७ मध्ये ओडिशातील चांदीपूरच्या किनाऱ्यापुढे झाल्या. ‘भारत डायनॅमिक्स’ या सरकारी कंपनीशी २,९७१ कोटींचा खरेदी करार झाला तो ३१ मे २०२२ रोजी. मंजुरीपासून करारापर्यंत १८ वर्षे!

एवढा काळ का लागावा? पहिले कारण असे, की सात इंचांच्या नळीत रडार, स्फोटक, इंधन आणि सुकाणू-पंख हे सारे बसवायचे असते. एकात बदल केला, की बाकीच्यांचे गणित बिघडते. ‘अस्त्रा’ची रचनाही मधल्या काळात बदलावी लागली. दुसरे कारण, जमिनीवरून उडवलेले क्षेपणास्त्र विमानाखालून नीट सुटेलच असे नाही. म्हणून ते आधी न सोडता नुसतेच पंखाखाली बांधून अनेकदा उडवावे लागते. विमानाची तारयंत्रणा व संगणक त्याला जुळवून घ्यावे लागतात. तिसरे कारण लक्ष्यशोधकाचे. आरंभी तो परदेशी होता. स्वदेशी लक्ष्यशोधक बसवलेल्या ‘अस्त्रा’ची सुखोईवरून चाचणी ११ जुलै २०२५ रोजी झाली.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. अमेरिकेच्या ‘अ‍ॅमराम’साठी १९७९ मध्ये दोन कंपन्यांत स्पर्धा लावली गेली आणि १९८१ मध्ये एकीची निवड झाली, तरी ते सेवेत आले १९९१ मध्ये.

आता जमाखर्चाकडे वळू. नावेची पहिली रक्कम महागाईची. भाववाढ दरसाल ६ टक्के धरली, तर १०० रुपयांच्या वस्तूला १८ वर्षांनी सुमारे २८५ रुपये पडतात. दुसरी रक्कम घसाऱ्याची. यंत्र झिजले तरच घसारा होतो असे नाही. बाजारात अधिक चांगले यंत्र आले, की न वापरलेल्या यंत्राचेही मोल उतरते. शस्त्राचे तसेच आहे. फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीनंतर आपल्या हवाई दलाने ‘अ‍ॅमराम’चे तुकडे पत्रकारांना दाखवले. मे २०२५ च्या संघर्षानंतर चिनी ‘पीएल-१५’चे अवशेष दाखवले. आपण एक पायरी चढेपर्यंत समोरचा पुढच्या पायरीवर असतो. तिसरी रक्कम सर्वांत जड आणि वहीत न मावणारी. तयार अस्त्राविना ज्या वैमानिकाला आकाशात जावे लागते, त्याच्या जिवाच्या जोखमीचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

जमेची बाजूही कोरी नाही. विकत घेतलेले क्षेपणास्त्र एकदा सुटले, की संपते. ते बनवण्याचे ज्ञान मात्र वापराने वाढते. ‘अस्त्र’ पुढे बंगळूरला घडलेल्या ‘तेजस’ विमानातूनही सुटले, ऑगस्ट २०२३ मध्ये, पुन्हा गोव्याच्याच समुद्रावर. अधिक लांब पल्ल्याच्या पुढील आवृत्तीचे काम याच पायावर उभे आहे. ही खरी भांडवली मिळकत होय.

माझे मत असे, की विलंबाचे दोन भाग करावेत. शिकण्यात गेलेला काळ ही गुंतवणूक समजावी. निर्णयावाचून गेलेला काळ हा निव्वळ तोटा. चाचण्यांतली वर्षे मी पहिल्या खात्यावर टाकीन. परंतु २०१७ ते २०२२ या काळातील किती महिने पुढील चाचण्यांचे आणि किती नुसत्या कागदांचे, याचा झाडा मागण्याचा अधिकार करदात्याला आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे तर खरेच. पण खणलेल्या विहिरीला वेळेवर रहाटही बसवायला हवा.